नवव्या पुस्तकातली ठिणगी

एक होडी मनात आण. लाकडाची, लांबट, पुढचं टोक वर वळलेलं. समुद्र पाहिला नसशील तरी चालेल. वैनगंगेला पूर आलेला असताना पुलावरून खाली पाहिलं आहेस ना, तसंच पाणी घे आणि पलीकडचा काठ पुसून टाक. झाला समुद्र. आता त्या होडीत सात माणसं बसव. दाढ्या पोटापर्यंत, अंगात लोकरीचे जाडे अंगरखे, डोक्यावर लोखंडी टोप. टोपांना शिंगं लावू नकोस. चित्रं काढणारे लावतात, पण खऱ्या व्हायकिंगांच्या लढाईच्या टोपांना शिंगं होती, असं कुठे सापडलेलं नाही.

व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी युरोपच्या उत्तरेला, फार थंड मुलखात राहणारे दर्यावर्दी लोक. मोठे शूर म्हणून त्यांचं नाव होतं. आपल्या होडीतले हे सात मात्र तसले नाहीत. त्यांनी एकही लढाई जिंकलेली नाही. सातपैकी पाच जणांना पोहता येत नाही आणि सहावा म्हणतो की येतं, पण दाखवत नाही. त्यांचा सरदार ग्रिमुल्फ याची दाढी एवढी दाट, की तो सकाळची भाकरी तिच्यात खोचून ठेवतो आणि दुपारी विसरतो.

आता वर बघ. चाळीस ड्रॅगन त्यांच्या मागे लागले आहेत, कारण या सातांनी त्यांचं पातेलं पळवलं. सूप करायला बरं दिसलं म्हणून उचललं. त्यात ड्रॅगन आपल्या पिलांना अंघोळ घालतात, हे त्यांना काय माहीत! कळलं तोवर ग्रिमुल्फने त्यात चार वेळा माशांचं सूप करून झालं होतं.

हसू आलं ना? अपेक्षालाही यायचं.

आणखी एकच काम कर. सरदाराच्या बाकाखाली वाकून बघ. तिथे एक छोटीशी ड्रॅगन बसली आहे, बकरीच्या पिलाएवढी. तिच्या तोंडातून आग निघत नाही. फार जोर केला तर एक ठिणगी उडते आणि तिची तिलाच भीती वाटते. म्हणून तिचं नाव ठिणगी. तिला नीट बघून ठेव. ही गोष्ट तिच्यासाठीच आहे.

अपेक्षा रामटेके मध्य प्रदेशातल्या बालाघाटला राहते. आता ती पाचवीत आहे. तिचे वडील राहुल उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. आठवडाभर तिकडेच एका खोलीत राहायचे, शनिवारी संध्याकाळच्या बसने घाट उतरून घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. घरी आई नूतन, आजोबा डोमाजी आणि अपेक्षा. आजोबांना ती आबाजी म्हणते.

रविवारी सकाळी पप्पा नळाजवळ बसून आठवड्याचे खाणीतले कपडे धुवायचे. ते काम ते आईला करू देत नसत. मँगनीजची धूळ काळी असते, काजळीसारखी, आणि कापडाच्या विणीत घुसून बसते. पहिल्या पाण्याला बादली शाईच्या दौतीसारखी होते, दुसऱ्याला थोडी कमी, मग तिसऱ्याला, चौथ्याला. अपेक्षा मग्ग्याने पाणी ओतायची, पप्पा कपडे चोळायचे आणि चोळता चोळता गोष्ट सांगायचे.

या गोष्टीची नऊ पुस्तकं होती. पप्पांना ती गोंदियाला, स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एकगठ्ठा मिळाली होती. हिंदीत होती. ती उकव्याच्या खोलीतच राहायची. पप्पा आठवडाभर थोडं थोडं वाचायचे आणि रविवारी आपल्या बोलीत सांगायचे. एक अट होती. बादलीतलं पाणी स्वच्छ निघालं की गोष्ट थांबायची.

"पप्पा, आज कपडे काहून कमी मळले?" अपेक्षा विचारायची.

"काहून म्हंजे? काम कमी केलं."

"कायले कमी केलं? जास्त करत जा ना."

"हौ व," पप्पा म्हणायचे, "सायबाले सांगतो. म्हनतो, सायेब, माया पोरीले गोष्ट ऐकाची हाय, मले धुळीत लोळू द्या."

चार वर्षं ही गोष्ट चालली. अपेक्षा पहिलीत होती तेव्हा पातेलं चोरीला गेलं. तिसरीत असताना होडी उलटी चालायला लागली, कारण ग्रिमुल्फने पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं यावर पैज लावली आणि तो हरला. या सगळ्यात ठिणगी बाकाखाली होती. ती सगळ्यांना 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायची. मासे ओले काहून, दाढी काहून, लढाई काहून. सूप गरम असलं की तीन वेळा फुंकून, डोळे मिटून प्यायची. झोपताना ग्रिमुल्फच्या दाढीचं टोक पंजात धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. तिच्या जातीच्या ड्रॅगनांनी तिला मागे सोडलं होतं, कारण तिला आग येत नव्हती. पातेलं परत करायला निघालेली ती होडी तिला तिच्या आईकडे पोहोचवणार होती.

भाद्रपदातल्या एका रविवारी नववं पुस्तक चालू होतं. शेवटचं. मोठं वादळ आलं. होडी खडकावर आदळली, ठिणगी बाकाखालून उडाली आणि खडकावर पडली. लाटेने होडी दूर नेली. ठिणगी एकटीच राहिली आणि पाणी चढायला लागलं. आधी पंजे बुडाले, मग शेपटीचं टोक.

पप्पांनी शेवटचा सदरा पिळला आणि बादलीत बघितलं. पाणी स्वच्छ होतं.

"मंग?" अपेक्षा म्हणाली.

"मंग काय? पानी साफ झालं, गोष्ट बंद."

"पप्पा! ती बुडंन का?"

"अजून अर्धं पुस्तक बाकी हाय ना व. पुढच्या इतवारी."

"तुमाले मालूम हाय. सांगा ना."

"नाही सांगत," पप्पा हसत म्हणाले आणि सदरा दोरीवर टाकला.

बुधवारी त्यांना ताप आला. मेंदूचा मलेरिया होता. आधी जवळच्या बैहरला नेलं, मग बालाघाटला आणलं. शनिवारी, त्यांच्या बसच्या वेळेला, ते गेले. चौतीस वर्षांचे होते.

पुढचे दिवस कसे होते, ते मी फार सांगत नाही. घरात माणसं खूप होती आणि आवाज कमी होता. आई भिंतीला टेकून बसायची. कोणी अपेक्षाच्या डोक्यावरून हात फिरवायचं, कोणी बिस्किट द्यायचं. ती घ्यायची आणि हातातच धरून ठेवायची. पप्पा नाहीत, हे तिला कळलं होतं. पण त्याच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट तिच्या छातीत बसली होती आणि ती कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती. ठिणगी अजून खडकावर होती. पाणी चढत होतं. बाप गेला आणि ही पोर ड्रॅगनचं विचारते, असं लोक म्हणतील, म्हणून ती गप्प राहिली.

पप्पांच्या खोलीचे शेजारी हिरालालकाका उकव्याहून त्यांची पेटी घेऊन आले. पेटी आबाजींनी उघडली. अपेक्षा तेव्हा शाळेत गेलेली होती. कपडे, चपला, बॅटरी, एक रेझर आणि नऊ पुस्तकं. कपडे त्यांनी बाजूला ठेवले. पुस्तकांकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

आबाजी सडकेच्या कामावर होते सारा जन्म. चौथी शिकलेले. वाचता येत होतं, पण बेताचं. तरी त्यांच्या वॉर्डात पुस्तकाला फार मान. बुद्ध विहारात एक कपाटभर पुस्तकं आहेत आणि त्या कपाटाजवळ कोणी चपला घालून जात नाही. माणूस गेल्यावर त्यांच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. भंतेजी येतात, वंदना होते, जेवण होतं आणि गेलेल्या माणसाच्या नावाने दान देतात. बरेच जण मुलांना वह्या-पेन वाटतात. आबाजींनी मनाशी ठरवलं, राहुलचीच पुस्तकं आहेत, तीच मुलांना देऊ. नऊ पुस्तकं, नऊ मुलं. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही.

त्यांनी स्वतः एकेक पुस्तक कागदात गुंडाळलं, वर पांढरी फीत बांधली. विहारातल्या एका मुलाकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या: 'कालकथित राहुल डोमाजी रामटेके यांच्या स्मरणार्थ.' कालकथित म्हणजे जे आता आपल्यात नाहीत ते.

कार्यक्रमाच्या दिवशी पप्पांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. अपेक्षाला पांढरा फ्रॉक घातला होता. आबाजींनी नऊ पुडक्यांचं ताट तिच्या हातात दिलं.

"तुया हातानं दे, बाई. तुया बापाचं हाय."

तिला वाटलं, वह्या असतील. ती एकेक मुलापुढे गेली, पुडकं दोन्ही हातांनी दिलं आणि शिकवल्याप्रमाणे मान वाकवली. नऊच्या नऊ वाटून झाली. मग मागे टरकन् कागद फाटल्याचा आवाज आला. शेजारच्या पिंकीला धीर नव्हता.

"अरे, ये तो नाव है!" पिंकी ओरडली. "दाढ़ीवाले अंकल लोग भी हैं!"

अपेक्षाने वळून पाहिलं. वर वळलेलं टोक. सात दाढ्या. एक पातेलं.

ती ताट तिथेच टाकून आबाजींकडे पळाली. "आबाजी, ते पप्पाचे पुस्तकं हाय! ते मले पायजे! परत घ्या!"

आबाजी खाली बसले. तिचे दोन्ही हात त्यांनी धरले. "देल्लं ना बाई आता. तुया बापाच्या नावानं देल्लं. दिलेलं दान मांगत नाहीत."

"पन ते..."

"लोक पाहून राह्यले, बाई. बापाच्या नावाले कमीपना नोको आनू."

तिने हात सोडवून घेतले. तिच्या डोळ्यांसमोर मुलं पंगतीत बसली, कोणी पुस्तकावर बसलं, कोणी ते पंख्यासारखं हलवायला लागलं. संध्याकाळपर्यंत सगळी पांगली.

तिला नऊही नको होती. एकच हवं होतं, नववं. शोध घेतल्यावर कळलं की पहिलं पिंकीकडे राहिलं आणि नववं किरनापूरला गेलं. तिच्या पौर्णिमाआत्याचा मुलगा पवन, सहावीतला, त्याच्या वाट्याला आलं होतं. तिने आईच्या फोनवरून आत्याला फोन लावला आणि पवनला बोलावलं.

"तुझ्याकडं नववं पुस्तक हाय ना?"

"हाँ, नौ लिखा है ऊपर."

"वाचलं का?"

"अभी कहाँ. फोटो देखे. एक अंकल की दाढ़ी में रोटी है, हा हा!"

"त्यातली खडकावरची..." एवढं बोलून ती थांबली. पवन वाचणार, चुकीचं वाचणार आणि हसत हसत सांगणार. ते तिला नको होतं. "काही नाही. पुस्तक फाडू नको."

"मैं क्यों फाड़ूँगा, पागल?"

मग दीड महिना गेला. तो तिने कसा काढला असेल, याचा विचार कर. शाळेत फळ्यावर गणित असायचं आणि तिला खडक दिसायचा. ती मनात पाणी रोज थोडंसंच चढू द्यायची. आज पोटापर्यंत. आज पोटाच्या थोडं वर. गळ्यापर्यंत आलं की ती पुन्हा पंजांपासून सुरू करायची.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. तिने आबाजींना एवढंच म्हटलं, "आत्याकडं जाऊ." पोर आपणहून काही मागते आहे, याचाच आबाजींना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं किरनापूरच्या बसमध्ये बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं.

अर्ध्या रस्त्यात तिने सांगून टाकलं. "आबाजी, ते नऊ पुस्तकं नव्हते. एकच गोष्ट होती. नऊ भागाची."

आबाजींना पहिल्यांदा समजलं नाही. "नऊ पुस्तकं म्हंजे नऊ गोष्टी ना?"

"नाही. पह्यल्यात सुरू होते अन् नवव्यात संपते. मधातलं एकट्यानं वाचून काहीच समजत नाही."

कंडक्टर तिकिटाला आला, गेला. मग आबाजी म्हणाले, "एका लुगड्याचे नऊ तुकडे करून वाटले म्या. कोनाच्याच अंगाले येत नाहीत."

"तुमाले मालूम नव्हतं."

"मले इचाराले पायजे होतं तुले." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "पन मांगायचं नाही हां, बाई. पवनचं हाय ते आता."

"नाही मांगत. तिथंच बसून वाचते."

आत्याच्या घरी अंगणात पवन सायकलची चेन बसवत होता. हात काळेकुट्ट झालेले.

"पुस्तक दे," अपेक्षा म्हणाली.

"आते ही? नमस्ते भी नहीं किया!"

"नमस्ते. दे."

"हात तर धुऊ दे, बाई! तूच म्हनली ना फाडू नको!" तो आत गेला आणि हात धुऊन पुस्तक घेऊन आला. अपेक्षाने बघितलं तर त्याने पुस्तकाला कव्हर घातलं होतं आणि आतली चिठ्ठी नीट चिकटवली होती. "मामाचं नाव हाय ना त्याच्यावर," तो जरा लाजून म्हणाला.

ती खाटेवर बसली आणि थेट मधली पानं उघडली. वादळ सापडलं. होडी आदळली, तेही सापडलं. ग्रिमुल्फ पडला, पातेलं त्याच्या डोक्यावर पडलं आणि त्याला वाटलं रात्र झाली. हे पप्पांनी सांगितलं होतं, अगदी असंच. पुढच्या पानावर मोठं चित्र होतं. काळ्या समुद्रात एक काळा खडक. खाली छापलेलं होतं: 'लहर नाव को दूर ले गई। चट्टान पर कोई नहीं था।'

तिने पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. पान उलटलं, पुढचं पान वाचलं, त्याच्या पुढचं. होडी दुसऱ्या बेटाला लागली. ड्रॅगन आले. पातेलं परत मिळालं, त्यांनी ते हुंगलं आणि माशाचा वास येतो म्हणून ग्रिमुल्फलाच त्यात बसवून घासायला लावलं. मग सगळे मिळून जेवले आणि पुस्तक संपलं. खडकाकडे परत कोणीही गेलं नाही.

"पवन, एक पान फाटलं का याचं?"

"नहीं तो. गिन ले."

"ठिणगी कुठं हाय?"

"कोनती ठिणगी?"

"बाकाखालची. छोटी ड्रॅगन."

"छोटी कोणी नाही यात. मैंने पूरी पढ़ी है, दो बार." पवनने पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उघडलं. तिथे होडीचं चित्र होतं आणि प्रत्येकाला आकडा देऊन खाली नावं छापली होती, म्हणजे नवीन वाचणाऱ्याला सगळे ओळखू यावेत. सात माणसं. एक बोकड. एक पातेलं. वर ड्रॅगनांची राणी आणि तिचा म्हातारा प्रधान. "देख. ग्यारह नाम. हर किताब में यही फोटो है, पिंकी के वाले में भी. मैंने देखा था उस दिन."

सरदाराच्या बाकाखाली नुसती काळी जागा होती.

अपेक्षा उठली. अंगणाच्या कडेला, धानाच्या पेंढ्या रचल्या होत्या तिकडे आबाजी बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबाजी, पप्पा खोटं बोलले."

"काय झालं?"

"पुस्तकात ठिणगीच नाही. कुठंच नाही. चार वर्षं मले सांगत होते, अन् ती नाहीच हाय." आणि मग ती रडली. पप्पा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. आवाज मोठा निघाला. आत्या दारात आली आणि तिथेच थांबली.

आबाजींनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "कोन ठिणगी? मले कुठं मालूम हाय! सांग."

हुंदके देत देत तिने सांगितलं. आग येत नाही म्हणून मागे सोडलेली. सगळ्यांना 'काहून' विचारणारी. गरम सूप तीन वेळा फुंकून, डोळे मिटून पिणारी. दाढी हातात धरल्याशिवाय न झोपणारी.

आबाजींचा हात आपोआप स्वतःच्या दाढीकडे गेला. आईने अंगावरचं दूध तोडलं, तेव्हा घरातली पोर दोन वर्षांची होती. ती रोज दुपारी या दाढीचं टोक मुठीत धरूनच झोपायची. ते हलले तर जागी व्हायची. आणि चहा अजूनही ती तीन वेळा फुंकून, डोळे मिटूनच पिते.

तुला कळलं असेल. आबाजींनाही कळलं. अपेक्षाला तेव्हा कळलं नाही. आपण स्वतः कसे दिसतो ते आपल्याला कुठे दिसतं? आबाजींनी ते सांगून टाकलं नाही. मला वाटतं, ती गोष्ट राहुलने ज्या हाताने झाकून ठेवली होती, तो हात बाजूला सारणं त्यांना बरं वाटलं नाही.

ते एवढंच म्हणाले, "तुया बाप खोटं नाही बोलला."

"मंग पुस्तकात काहून नाही?"

"पुस्तक लिवनाऱ्याले ती मालूम नसन. त्यानं नाही पाह्यली. तुया बापानं पाह्यली."

अपेक्षाने नाक पुसलं. "मंग तिचं पुढं काय झालं? पप्पाले मालूम होतं. आता कोनाले मालूम हाय?"

आबाजींना खोटं सांगता आलं असतं. वाचली, आई भेटली, असं काहीतरी. "मले नाही मालूम, बाई," ते म्हणाले. "माया राहुलनं मले नाही सांगतलं."

"पानी चढून राह्यलं, आबाजी."

"हौ."

मग ती वळली आणि पवनकडे गेली.

"पेन्सिल हाय का?"

"क्यों?"

"तुझ्या पुस्तकात लिव्हायचं हाय. लिवू का? तुझं हाय, म्हनून इचारते."

पवनने पुस्तकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "पेन से नहीं ना?"

"नाही. पेन्सिलनं."

"लिख ले. अक्षर अच्छे से निकालना."

त्याने दप्तरातून पेन्सिल आणून दिली. तिने पहिलं पान उघडलं. होडीच्या चित्रात, सरदाराच्या बाकाखालच्या काळ्या जागेशेजारी बारा असा आकडा काढला. खाली नावांच्या यादीत अकराव्या नावानंतर लिहिलं: '१२. ठिणगी.' मग खडकाचं पान काढलं. 'चट्टान पर कोई नहीं था' या ओळीवर तिने पट्टी न घेता एक सरळ रेघ मारली. तिच्या वर, जागा होती तेवढीच, बारीक अक्षरात लिहिलं: 'ठिणगी होती. पानी तिच्या पायापर्यंत होतं.'

"फिर?" पवन तिच्या खांद्यावरून वाचत होता. "आगे क्या?"

तिने पेन्सिल ओळीच्या शेवटी धरून ठेवली. मग पुस्तक मिटून दोन्ही हातांनी पवनला परत दिलं.

"इथून नाही लिवता येत," ती म्हणाली. "पह्यलेपासून लिवा लागंन." आणि आबाजींकडे वळली. "आबाजी, पह्यलं पुस्तक पिंकीकडं हाय ना? घरी चला."

"आता? आत्या स्वयपाक करून राह्यली. जेवू तर दे व!"

"जेवून मंग. पन आजच."

"पिंकी देणार का लिव्हाले? तुले मालूम हाय तिचं."

"इचारते. नाही म्हनली तं उद्या इचारते."

जेवण झाल्यावर आत्याने तिला डब्यात करंज्या दिल्या. पवन म्हणाला, "मेरी पेन्सिल!" ती म्हणाली, "नऊही पुस्तकं झाले का देते." आणि आबाजी चपला शोधत होते तोवर, पेन्सिल मुठीत धरून, ती बसच्या थांब्याकडे चालायला लागली होती.